अडीच वर्षांची भाची, डिस्नेचं ॲप आणि विकत मिळणारी रांग

फ्लोरिडात सकाळचे सात वाजतात तेव्हा पुण्यात दुपारचे साडेचार झालेले असतात. हिवाळ्यात साडेपाच. एवढ्याच कारणावरून ताईच्या डिस्ने वर्ल्ड सहलीचं बुकिंग माझ्या गळ्यात पडलंय. ताई-भावोजी न्यू जर्सीत, आई-बाबा काही महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलेले आणि भाची अडीच वर्षांची. "याला मोबाईलमधलं सगळं कळतं" अशी घरात ज्याची ख्याती असते त्याची सुटका नसते, हे तुमच्यापैकी अनेकांना सांगायला नको.

गेले दोन आठवडे मी त्या ॲपचे नियम, किमतींची पानं आणि (हो, खरंच) प्रायव्हसी पॉलिसी वाचतोय. रांगेत उभं राहायची ताकद माणसाच्या अंगात सगळ्यात कमी कधी असते? दोन-तीन वर्षांचा असताना. आणि आजचं थीम पार्क नेमकी रांगच विकतं. लहान मूल सोबत असलेलं कुटुंब या धंद्यात कुठे उभं राहतं, हे बघण्यासारखं आहे. तुम्ही ऑर्लँडोला जाणार नसाल तरी वाचा, कारण यातलं बरंचसं आपल्याकडच्या मॉलपर्यंत येऊन पोचलंय.

आधी फुकट, मग बँड, मग बिल

डिस्नेने 'फास्टपास' १९९९ मध्ये आणला तेव्हा तो कागदी आणि फुकट होता. राइडजवळच्या मशीनमध्ये तिकीट घालायचं, छापलेली वेळ घ्यायची, तोवर आईस्क्रीम खायचं आणि वेळ झाली की छोट्या रांगेतून आत. पुढे २०१३ पासून मनगटावरचा 'मॅजिकबँड' आला. त्यामागच्या यंत्रणेवर डिस्नेने सुमारे १ अब्ज डॉलर खर्च केल्याचं तेव्हा छापून आलं होतं. या बँडमध्ये रेडिओ चिप असते. तोच पार्कचं तिकीट, तोच हॉटेलच्या खोलीची किल्ली, तोच पाकीट. फास्टपासही मोबाईलवर गेला, पण फुकटच राहिला.

कोविडमध्ये सगळं बंद पडलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ही सोय परत आली ती 'जिनी प्लस' हे नाव आणि माणशी दिवसाला १५ डॉलर अशी किंमत घेऊन. वर्षभरात किंमत दिवसागणिक बदलायला लागली. जुलै २०२४ पासून तिचं नाव आहे 'लाइटनिंग लेन मल्टी पास'. गर्दीच्या दिवशी महाग, निवांत दिवशी स्वस्त. त्याच वर्षी 'प्रीमियर पास' आला. त्यात वेळ ठरवायची भानगड नाही, कधीही या आणि जलद रांगेतून शिरा. सुरुवातीलाच त्याचे दर पार्क आणि दिवस पाहून माणशी १२९ ते ४४९ डॉलर ठेवले होते, तेही मूळ तिकीट सोडून. वरच्या दराचे रुपये केलेत तर एका माणसाच्या एका दिवसाला चाळीस हजारांच्या आसपास जातात.

यात तंत्रज्ञानाने नेमकं काय केलं ते नीट पाहू. राइडची क्षमता वाढलेली नाही. तासाला जेवढ्या बोटी किंवा डबे सुटायचे तेवढेच सुटतात. जलद रांगेतून एक माणूस पुढे गेला की साध्या रांगेतला एक माणूस मागे सरकतो. शिर्डीला सशुल्क दर्शनाचा पास काढून पुढे गेलेल्यांकडे बाकीची रांग कशी बघते, ते आठवा. ॲपमुळे फरक एवढाच झाला की मागे सरकणाऱ्याला पुढे जाणारा नीट दिसत नाही. तो फक्त फलकावर वाचतो, 'थांबण्याचा वेळ ७० मिनिटं'.

तो आकडाही कसा येतो बघा. पूर्वी रांगेच्या तोंडाशी एखाद्याच्या गळ्यात लाल कार्ड अडकवायचे आणि राइडपाशी ते परत घ्यायचे. मधला वेळ म्हणजे रांगेचा वेळ. पद्धत साधी आणि प्रामाणिक. पण फलकावर काय लावायचं हे पार्क ठरवतं, आणि स्वतंत्रपणे नोंदी ठेवणाऱ्या साइट्सना वर्षानुवर्षं दिसत आलंय की फलकावरचा वेळ प्रत्यक्षापेक्षा बरेचदा जास्त असतो. म्हणून ७० मिनिटं वाचून लगेच कार्ड काढू नका, एवढंच मी ताईला लिहून पाठवलंय.

सातची खिडकी

बुकिंगचा प्रकार आपल्याला नवा नाही. रेल्वेचं तत्काळ एसीसाठी दहाला आणि बाकीच्यांसाठी अकराला उघडतं, तसं हे फ्लोरिडाच्या वेळेने सकाळी सातला उघडतं. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ७ दिवस आधी आणि बाहेर राहणाऱ्यांना ३ दिवस आधी. म्हणजे तत्काळमध्येही आधी पहिल्या वर्गाची खिडकी उघडायची, असा प्रकार. ताई बाहेर राहणार आहे. तिच्या गटात येईपर्यंत हॉटेलवाल्यांनी चार दिवस निवडून झालेले असतील. नियम उघडपणे लिहिलेला आहे, लपवाछपवी नाही. पण किंमत फक्त पासची नसते, हे यातून कळतं.

तीन राइड आधी निवडता येतात. 'मॅजिक किंगडम' या पार्कात त्यातली एकच सगळ्यात जास्त मागणीच्या गटातली घेता येते. प्रत्येकीला एक तासाची वेळ मिळते. त्यातली पहिली वापरली की दिवसभर एकेक पुढची घेत जायची.

आता या गणितात अडीच वर्षांचं मूल घाला. माझी भाची दुपारी दीडला झोपते. कधी सव्वाला. कधी झोपतच नाही आणि तीन वाजता भोकाड पसरते. तिला २ वाजून १० मिनिटांनी उडत्या हत्तीत बसायचंय की नाही, हे ती तीन दिवस आधी सांगू शकत नाही, आणि खरं तर तीन मिनिटं आधीही नाही. वेळ ॲपमध्ये बदलता येते, पण तेव्हा जी शिल्लक असेल तीच मिळते. आपला दिवस कसा जाणार हे ज्याला आधीच माहीत आहे, अशा माणसासाठी हे ॲप बनलंय.

डिस्नेनेच एकदा याच्या उलट विचार केला होता, हे मला फार आवडलं. २०१२ मध्ये 'डंबो' राइड नव्या जागी गेली तेव्हा तिथे सर्कशीच्या तंबूत मुलांसाठी खेळायची जागा केली. आईबापाच्या हातात पेजर द्यायचे. मुलं घसरगुंडीवर, पालक सावलीत आणि नंबर आला की पेजर थरथरणार. हॉटेलात टेबलासाठी थांबताना देतात तसाच. ना अकाउंट, ना पासवर्ड, ना बॅटरीची काळजी, ना 'आमच्या अटी मान्य करा'. लहान मुलांसाठी रांग कशी असावी, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. पण पेजरचे वेगळे पैसे लावता येत नाहीत, आणि तुम्ही त्याआधी कुठे होतात हेही पेजरला माहीत नसतं.

तीनच्या आत

गंमत अशी की या सगळ्या व्यवस्थेत तीन वर्षांखालच्या मुलाला जागाच नाही, आणि ते त्याच्या फायद्याचं आहे. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये तीनच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही आणि जलद रांगेचा पासही लागत नाही. मोठ्या माणसाकडे पास असला की कडेवरचं मूल त्याच्यासोबत आत जातं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आमचे चार मोठे आणि एक लहान. सगळ्यांनी एकत्रच बसायचं म्हटलं तर चार पास लागतात. पण 'पीटर पॅन'च्या उडत्या होडीत बसायची हौस भाचीची आहे, बाबांची नाही. ('मला बाकावर बसवा आणि चहा कुठे मिळतो ते सांगा,' हे बाबांचं फ्लोरिडाबद्दलचं एकमेव धोरण आहे.) मग एकट्या ताईसाठी पास घेतला तरी भाचीचं काम होतं. चाराचा खर्च एकावर येतो. ॲप हे कधीच सुचवणार नाही. ते ग्रुपमधली सगळी नावं आधीच टिक करून समोर ठेवतं आणि नकोत ती आपण काढायची असतात.

'पीटर पॅन'चं नाव मुद्दाम घेतलं. तिथे उंचीची अट नाही, रांग मात्र मोठी असते आणि ती जास्त मागणीच्या गटात येते. लहान मूल असेल तर त्या गटातली एकुलती निवड तिच्यावर खर्च करा. बाकीच्या मोठ्या नावांचा तुम्हाला उपयोग नाही. 'सेव्हन ड्वॉर्फ्स माइन ट्रेन'ला ३८ इंच उंची लागते, 'स्पेस माउंटन'ला ४४, 'ट्रॉन'ला ४८. अडीच वर्षांचं मूल साधारण ३५-३६ इंच असतं.

मग मोठ्यांनी रोलर कोस्टरवर बसायचंच नाही का? बसायचं. 'रायडर स्विच' नावाची सोय आहे आणि ती फुकट आहे, म्हणूनच तिची जाहिरात कमी दिसते. प्रवेशावरच्या कर्मचाऱ्याला मूल दाखवायचं. एक पालक रांगेतून जाऊन येतो, दुसरा मुलासोबत थांबतो. पहिला परत आला की दुसरा जलद रांगेतून जातो. तिथे सांगितल्याशिवाय मिळत नाही, मागावं लागतं.

बाबागाडीला टॅग लावा, मुलाला नको

ताईचा पहिला प्रश्न होता, "हिला एअरटॅग लावू का?" माझं उत्तर होतं, बाबागाडीला लाव. पार्कात बाबागाड्या राइडबाहेर ठेवाव्या लागतात आणि कर्मचारी त्या नीट लावताना इकडच्या तिकडे हलवतात. शंभर सारख्या गाड्यांमधून आपली शोधायला टॅग उत्तम. (गाडी ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब यापेक्षा मोठी चालत नाही, आणि ओढायची वॅगन अजिबात नाही. हा नियम २०१९ पासून आहे.)

मुलाच्या बाबतीत दोन अडचणी. असे ब्लूटूथ टॅग स्वतः जीपीएस वापरत नाहीत. आसपासच्या फोनना त्यांचा सिग्नल मिळतो आणि त्या फोनमार्फत जागा कळते. त्यामुळे नकाशावर दिसतं ते 'मघाशी कुठे होतं'. धावणाऱ्या मुलासाठी मघाशी म्हणजे फार जुनी गोष्ट. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. एअरटॅगमध्ये नाण्याच्या आकाराची बटण बॅटरी असते आणि तिचं झाकण दाबून फिरवलं की उघडतं. अशी बॅटरी गिळली तर अन्ननलिका आतून भाजते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने याच बॅटरीबद्दल नीट इशारा छापला नव्हता म्हणून ॲपलला नोटीस दिली होती. आपल्याकडे जत्रेत पोराच्या खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी घालतात. तेच करायचं, फक्त नंबर अमेरिकेतला लिहायचा. आईचा भारतातला नंबर लिहिला तर रोमिंग बंद असलेल्या फोनवर कोण काय कळवणार?

तिसऱ्या वाढदिवसाला काय बदलतं

भाची तीन वर्षांची झाली की तिला तिकीट लागेल. आणि तिकीट आलं की बोट येतं. डिस्ने वर्ल्डच्या दारावर तीन वर्षांपासून पुढच्या सगळ्यांचं बोट स्कॅन करतात, म्हणजे एकाचं तिकीट दुसऱ्याने वापरू नये. कंपनीचं म्हणणं असं की बोटाच्या चित्रावरून एक आकडा तयार होतो आणि चित्र लगेच टाकून दिलं जातं. नको असेल तर फोटो ओळखपत्र दाखवून जाता येतं. २०२१ मध्ये मॅजिक किंगडमच्या दारावर महिनाभर चेहरा ओळखण्याची चाचणीही झाली होती, ऐच्छिक.

बोट ऐच्छिक, चेहरा ऐच्छिक. पण सकाळी आठला, मागे शंभर माणसं, कडेवर रडणारं मूल, अशा वेळी 'नको, मी ओळखपत्र दाखवतो' असं किती जण म्हणणार? ज्या पर्यायासाठी गर्दी अडवावी लागते, तो पर्याय असून नसल्यासारखाच, असं माझं मत आहे.

बोटापेक्षा मला फॉर्म जास्त खटकतो. तीन वर्षांच्या मुलाबद्दल यंत्रणेला जे कळतं त्यातलं जवळपास सगळं आपणच टाईप करून देतो. नाव, वय, ॲलर्जी, वाढदिवस आहे का, आवडती राजकन्या कोणती. अमेरिकेत मुलांच्या ऑनलाइन माहितीसाठी 'कोपा' हा कायदा १९९८ पासून आहे. तो १३ वर्षांखालच्या मुलांना लागू होतो आणि २०२५ मध्ये त्याच्या नियमांत बोटाचे ठसे, चेहरा वगैरेंची भर पडली. पण हा कायदा मुलाकडून ऑनलाइन घेतलेल्या माहितीचा आहे. पालकाने मुलाबद्दल स्वतः दिलेल्या माहितीला तो लागत नाही. अडीच वर्षांची मुलगी फॉर्म भरत नाही, ताई भरते. झालं, कायदा बाजूला.

याच कायद्याखाली सप्टेंबर २०२५ मध्ये डिस्नेने १ कोटी डॉलर भरून एक प्रकरण मिटवलं. त्याचा पार्कशी संबंध नव्हता. युट्यूबवर मुलांचे काही व्हिडिओ टाकताना 'मुलांसाठी' अशी खूण केली नाही, त्यामुळे मुलांची माहिती गोळा होऊन त्यांना बघून जाहिराती दाखवल्या गेल्या, असा आरोप होता. सहलीआधी महिनाभर 'डंबो कोण आहे बघ' म्हणून भाचीला जे दाखवणं चाललंय, ते बघता हे प्रकरण तिच्या वयाच्या मुलांचंच आहे.

आपला कायदा इथे जास्त कडक लिहिलाय. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती. तिची माहिती वापरायला पालकाची पडताळलेली संमती हवी. मुलाचा माग ठेवायचा नाही, वागणुकीवर पाळत ठेवायची नाही आणि त्यावरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. भारतातल्या लोकांना वस्तू-सेवा विकणाऱ्या परदेशी कंपन्याही याच्या कक्षेत येतात. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिने दिलेत, म्हणजे मे २०२७. यात एक विरोधाभास आहे. संमती देणारा खरंच पालक आहे का हे तपासायला पालकाचीही ओळख घ्यावी लागणार. म्हणजे एका मुलाची माहिती वाचवताना दोघांची गोळा व्हायची शक्यता आहे.

आणि जी अडचण सोडवायला एवढी यंत्रणा, ती आपल्याकडे एका पट्टीने सुटलेली आहे. खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या पार्कात मुलाचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. दाराशी भिंतीवर खूण असते. मुलाला उभं करायचं, डोकं खाली आलं तर फुकट, वर गेलं तर पैसे. जन्मतारीख नको, आधार नको, 'हो हो अजून तीनचा व्हायचाय' असं खोटं बोलणंही नको. त्या पट्टीला तुमच्या मुलाचं नाव माहीत नसतं आणि संध्याकाळपर्यंत ती त्याची उंचीही लक्षात ठेवत नाही.

उलट त्याच पुणे-मुंबईतल्या मॉलमधल्या मऊ गाद्यांच्या प्ले झोनमध्ये जा. अर्ध्या तासाच्या खेळासाठी टॅबवर मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळा आणि आईचा मोबाईल मागतात, मग ओटीपी. वाढदिवसाच्या आदल्या महिन्यात केकच्या ऑफरचा मेसेज येतो तो तिथूनच. मी गेल्या रविवारी शेजारच्यांच्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन अशाच एका ठिकाणी गेलो होतो. जन्मतारीख आणि शाळा रिकामी ठेवली आणि काउंटरवरच्या मुलीला विचारलं, हे लागतंच का? ती म्हणाली, "नाही सर, फक्त मोजे लागतात."